भीमथडीचे तट्टू आणि त्याचे घर

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात या नावाचा एक तालुकाच होता आणि त्याची कचेरी बारामतीस असे. पुढे तालुक्याच्या हद्दी बदलल्या, नाव कागदावरून गेले आणि लोकांच्या तोंडी उरले ते एका जनावरापुरते. राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतात भीमथडीची तट्टे आहेत. २०२३ साली त्या गीताला राज्यगीताचा मान मिळाला. तेव्हापासून ते शाळाशाळांतून म्हटले जाते. माझा जन्म मास्तरकीत गेला. निवृत्तीनंतरही एखाद्या शाळेत इतिहासावर चार शब्द बोलायला मला बोलावतात. अशाच एका शाळेत गीत संपल्यावर मी मुलांना विचारले, "तट्टू पाहिले आहे का कोणी?" एकही हात वर झाला नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र उलट मलाच विचारले, "सर, ती अजून असतात का?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायला तीनशे-चारशे वर्षांचा हिशोब मांडावा लागतो. मराठ्यांच्या घोड्याचा इतिहास आपण बहुधा मोहिमांच्या अंगाने वाचतो. तो घोडा रात्री कोणाच्या दारात बांधलेला असे, त्याची चंदी कोण भिजवीत असे, त्याचे शिंगरू कोण वाढवीत असे, याकडे आपले लक्ष जात नाही. माझ्या मते या जनावराचे सारे नशीब त्या दारातच ठरत आले आहे.

दख्खन हा मुळात घोड्यांचा देश नव्हे. चांगला घोडा येई तो समुद्रावरून. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून गलबते भरून घोडे चौल, दाभोळ आणि गोव्याच्या बंदरांत उतरत. बहामनी सुलतान आणि विजयनगरचे राय ते सोन्याच्या भावाने घेत. या व्यापाराची एक गमतीची साक्ष रशियातल्या त्वेर नगरचा व्यापारी अफनासी निकितीन याने लिहून ठेवली आहे. १४६९ च्या सुमारास तो विकण्यासाठी एकच घोडा घेऊन चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळा त्याने तिथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारलास तर घोडाही देतो, वर हजार मोहरा देतो, असे सांगितले. एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून बिचाऱ्याचा घोडा सोडविला. इथे घोड्यांना कडधान्य आणि खिचडी खाऊ घालतात, हे त्याने मुद्दाम नमूद केले आहे. एका घोड्यासाठी माणसाचा धर्म पणाला लागावा, इतके त्या जनावराचे मोल होते.

हे महागडे घोडे आणि इथल्या डोंगरकडेच्या काटक घोड्या यांच्या संकरातून भीमा-नीरेच्या खोऱ्यात जे बीज तयार झाले, तेच भीमथडीचे तट्टू. अंगाने लहान, उंच्यापुऱ्या पुरुषाच्या छातीला लागेल एवढे. टाप टणक, पोट थोडक्यात भरणारे. कुसळी गवतावर आणि कडब्यावर राहील, खडकाळ उताराला पाय घसरू देणार नाही. अरबी घोड्याचा डौल त्यात नाही. पण ज्या मुलखात चार महिने पाऊस आणि आठ महिने रान उघडे, तिथे डौलापेक्षा पचनशक्ती मोलाची ठरते. मोठ्या सरदाराला अरबी घोडा परवडे. साध्या कुणब्याच्या दारात बांधता येईल असे जनावर हेच होते.

मराठी राज्याची घोडदळाची व्यवस्था पाहिली की या 'दारा'चे महत्त्व कळते. स्वार दोन प्रकारचे असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. सभासदाने बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींवाचून पंचवीस घोडी कुठे जाणार नाहीत, हे राज्यकर्त्याने आधीच हेरले होते. त्याच बखरीच्या हिशोबाने शिवछत्रपतींच्या अखेरीस पागेचे स्वार ४५ हजार होते, तर शिलेदार ६० हजार.

हा दुसरा आकडा मला फार बोलका वाटतो. साठ हजार शिलेदार याचा अर्थ हजारो घरे अशी, की ज्यांच्या गोठ्यात बैलाशेजारी घोडी बांधलेली होती. शिलेदार एकटा चाकरीला जात नसे. त्याचे सारे घर त्या घोडीत गुंतलेले असे. घोडी व्याली तर शिंगराचे पैसे व्हायचे किंवा धाकट्या भावाची चाकरी लागायची. घोडी लढाईत पडली तर वर्षाची रोजी गेली. धनी मुलूखगिरीवर असताना मागे राहिलेले शिंगरू वाढवायचे ते बायकांनी आणि पोरांनी. दसऱ्याला घोडी धुऊन, तिच्या कपाळी गुलाल लावून पूजा करायची आणि मग स्वार सीमोल्लंघनाला निघायचा. पागेतल्या घोड्याचा जमाखर्च दप्तरात सापडतो. घरातल्या घोडीचा जमाखर्च घरधनिणीच्या डोक्यात असे, म्हणून तो आपल्याला वाचायला मिळत नाही.

घोडा जगवणे ही मुख्यतः दाणावैरणीची बाब आहे, हे महाराजांइतके कोणाला कळले नसेल. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना त्यांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच उधळलेत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. असा त्याचा आशय. पुढे तर दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतपत बारकावा आहे. हे लिहिणाऱ्याने रात्री उठून वैरणीकडे नजर टाकलेली असणार. छत्रपतीच्या पत्रात एखाद्या जाणत्या शेतकऱ्याच्या घरातली काळजी उमटावी, ही त्या राज्याची खरी शोभा होय.

मोहिमांचा भाग वाचकांना ठाऊक आहे; तो मी लांबवीत नाही. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावाने निजामाच्या अवजड तोफखान्याला खानदेश-गुजरातेपर्यंत हुलकावण्या देत अखेर पाण्यावाचून कोंडले आणि मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. हे शक्य झाले ते सामानाची गाडी मागे न लागणाऱ्या या हलक्या घोडदळामुळे. धनाजी जाधवाच्या धास्तीने मोगलांची घोडी पाणी पिईनात, तेव्हा स्वार त्यांना विचारीत, पाण्यात धनाजी दिसतो काय, ही दंतकथा तर पोराटोरांनाही माहीत आहे. पण तीच घोडी १७६१ च्या पानिपतावर महिनोन् महिने कोंडली गेली, दाण्यावाचून खंगली आणि लढाईआधीच निम्मी हरली. चालत्या घोड्याला रानातून मिळणारा चारा उभ्या घोड्याला कोठून मिळणार?

घोडा मराठी घरात किती मुरला होता, हे पाहायला रणांगणावर जायला नको. आपली भाषाच पुरे. कुणाला आवरायचे तर आपण 'पायबंद' घालतो. ती घोड्याचे पाय बांधायची दोरी. उगाच गर्दी केली तर ती 'खोगीरभरती'. काम कुठे अडले हे सांगताना 'घोडे इथे पेंड खाते'. उशिरा सुचले की 'वरातीमागून घोडे'. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या तीन प्रश्नांचे 'न फिरवल्यामुळे' हे एकच उत्तर देणारे कोडे आजीच्याच तोंडून ऐकलेले असते. आणि गंमत अशी की त्यात घोडा चुलीच्या शेजारी बसला आहे. पागे, पागनीस, शिलेदार, चाबुकस्वार, नालबंद ही आडनावे आजही दारावरच्या पाट्यांवर आहेत. अबलख, कुमैत, पंचकल्याणी हे रंग आणि खुणांचे शब्द, 'देवमण' हा मानेवरचा शुभ भोवरा, या साऱ्याची जाण एका काळी गावच्या पारावर होती.

याहून मोठी साक्ष देवघरात आहे. ज्यांच्या घराण्याचे कुलदैवत खंडोबा, त्यांनी आपल्या देव्हाऱ्यातला टाक एकदा नीट पाहावा. देव घोड्यावर बसला आहे, पुढ्यात म्हाळसा आहे आणि पायाशी कुत्रा आहे. नवरा, बायको, घोडा आणि कुत्रा: हे एक चालते-फिरते कुटुंबच म्हणावयाचे. जेजुरीच्या या देवाची दुसरी बायको बाणाई. ती धनगराची लेक. या धनगरांच्या नात्याकडे मला पुढे यायचे आहे.

१८१८ साली राज्य बुडाले. स्वारांचे पथक मोडले की त्याच्या घोड्याचे काय होते, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच सापडतो. इंग्रजांनी शिलेदारीची रीत मात्र उचलली. १८१७ च्या पुण्याच्या तहान्वये पेशव्यांच्या खर्चाने 'पूना ऑक्झिलिअरी हॉर्स' नावाचे घोडदळ उभे राहिले. त्यातूनच पुढचा 'पूना हॉर्स' हा रिसाला झाला, जो आज रणगाड्यांवर लढतो. हिंदी फौजेतल्या ज्या रिसाल्यांत स्वार आपल्या घोड्याची तजवीज स्वतः करी, त्यांना इंग्रजीतही 'सिल्लादार' रिसालेच म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत बंद झाली. शब्द असा शंभर वर्षे टिकला, पण घोडा नाही टिकला. साहेबाला उंच घोडा हवा होता. तो ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून येऊ लागला आणि 'वेलर' म्हणून ओळखला जाऊ लागला. भीमथडीच्या तट्टाला सरकारदरबारी गिऱ्हाईक उरले नाही. मग आगगाडी आली, मोटार आली. शिलेदाराचा नातू नांगराला लागला आणि घोडीच्या जागी त्याने दुसरी बैलजोडी बांधली. ही जात नामशेष झाली, असेही पुष्कळांनी मानले.

ती नामशेष झाली नव्हती. पागेतून सुटलेले ते जनावर धनगराच्या वाड्यावर जाऊन राहिले होते.

वाडा म्हणजे इथे दगडी चिरेबंदी घर नव्हे. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांच्या कोरड्या भागातले मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन घाटाखाली किंवा पाण्याच्या मुलखात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरे बसवितात. शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे. अशा चारदोन कुटुंबांचा जो एकत्र मुक्काम, त्यालाच वाडा म्हणतात. पुरुष मेंढरांमागे रानोरान जातात. बायका सकाळी पाल मोडतात, भांडीकुंडी, धान्य, अंथरूण घोड्यांवर लादतात, वर खुराड्यातल्या कोंबड्या, जाळीत कालची कोकरे आणि त्या साऱ्यावर एखादे मूल बसवितात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. ज्या पाठीवर शिलेदाराचे खोगीर होते, त्या पाठीवर आता संसार आहे. शेदीडशे वर्षे या बायकांनी हे बीज राखले. त्यांच्याकडे ना वंशावळीची वही होती, ना सरकारी पदक. चालणारी घोडी ठेवायची आणि अडणारी विकायची, एवढाच त्यांचा कायदा.

सासवडहून वीरच्या म्हस्कोबाकडे जाताना एका कार्तिकात असा एक वाडा मला रस्त्याकडेच्या माळावर भेटला. पाच-सहा घोडी पायबंद घालून चरत होती. तीन दगडांच्या चुलीपाशी एक म्हातारी भाकरी थापीत होती. मी जवळ जाऊन विचारले, "आक्का, आता टेम्पो झालेत. घोडी कशाला सांभाळता?" तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "गुरुजी, टेम्पू डांबरीवरनं जातुया. आमची मेंढरं डांबर खात्यात व्हय?"

मी हसलो. ती मात्र हसली नाही. थोड्या वेळाने आपणहूनच बोलू लागली. तिच्या तरुणपणी वाड्यावर घोडी पुष्कळ असत. आता माळ राहिले नाहीत. कुठे ऊस झाला, कुठे तारेचे कुंपण पडले, कुठे वनखात्याची बंदी. नातू दोघे आश्रमशाळेत आहेत. "साळंत हुशार हायेत," ती अभिमानाने म्हणाली, आणि मग घोड्यांकडे बोट करून, "पर ह्यास्नी धराया येत न्हाई त्यास्नी. घोडं वळखतंया कुनाचा हात हाय ते." माझ्यानंतर ही घोडी कोणाच्या हाती जायची, एवढाच तिचा प्रश्न होता. मागच्या बाकावरच्या मुलीचाही वेगळ्या शब्दांत तोच होता.

२०२४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, भुटिया, स्पिती, झांस्करी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी जात. ज्यांना ही जात संपल्यासारखी वाटत होती, त्यांना उत्तर मिळाले. पण नोंद झाली म्हणून घोडा जगत नाही. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या मानाने ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रांतून घोड्यांचे मोठाले सौदे होतात खरे. पण ते उंच, देखण्या, नाचणाऱ्या घोड्यांचे. धनगराचे धुळकट तट्टू तिथे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

इथे घोडे खरोखरच पेंड खाते. ही जात जगली ती धनगरांच्या भटक्या, कष्टाच्या जिण्यामुळे. ते जिणे सुटावे, मुले शिकावीत, म्हातारीने उन्हातान्हात पाल उचलू नये, असे कोण म्हणणार नाही? घोडा टिकावा म्हणून धनगराने भटकत राहावे, असे सांगण्याचा अधिकार पंख्याखाली बसून इतिहास लिहिणाऱ्या मला तरी नाही. पण भटकणे थांबले की तट्टाचे काम संपते, आणि काम संपलेले जनावर कोणाच्या दारात राहत नाही. एकोणिसाव्या शतकात शिलेदाराच्या दारात हेच घडले. त्या वेळी धनगराचे दार उघडे होते. आता पुढचे दार कोणते?

असा प्रसंग इतर देशांवरही आला आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एक्समूर नावाचा माळ आहे. तिथल्या काटक तट्टांची जात दुसऱ्या महायुद्धानंतर इतकी खालावली की जेमतेम पन्नास जनावरे उरली. स्थानिक माणसांनी पुढाकार घेऊन ती वाचविली. त्या देशात तट्टांची जुनी कामे, म्हणजे ओझे वाहणे, गाडी ओढणे, खाणीत राबणे, यंत्रांनी काढून घेतली होती. पण एक नवे काम त्यांना मिळाले: मुलांना घोड्यावर बसायला शिकविणे. १९२९ साली तिथे मुलांसाठी 'पोनी क्लब' निघाला. लहान तट्टू, लहान स्वार. आई चारा घालते, बाप गोठा झाडतो, मोठी बहीण लगाम धरते. एका जनावराभोवती एक घर गुंतते, आणि घर गुंतले की जनावर टिकते.

आपल्याकडे हे अगदीच परके नाही. शिंगराला पोर आणि पोराला शिंगरू ही शिलेदाराच्या अंगणातली जुनीच सोबत. भीमा-नीरेकाठी ज्यांच्या घरी अजून गोठा आहे, वावर आहे, त्यांनी एक भीमथडी घोडी पाळणे म्हणजे फार मोठा खर्च नव्हे. हे जनावर मुळातच थोडक्यात भागणारे आहे. ते मुलांना पाठीवर घेईल, डोंगरवाटेने किल्ल्याचे सामान वाहील, लहान गाडीला जुंपता येईल, बांधाबांधाने रान फिरवील. शाळांच्या सहली गडावर जातात. पायथ्याशी एखादे तट्टू मुलांना दिसले, हाताळता आले, तर त्यांना मराठी घोडदळाचे जे कळेल ते माझ्या दहा व्याख्यानांनी कळणार नाही. सरकारने पशुवैद्य वाड्यापर्यंत पोचवावा, चराईच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, आणि घोडी विकत घ्यायची वेळ आली तर धनगराला तिचा योग्य मोबदला मिळावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोड्याबरोबर त्या आक्कांची विद्याही घ्यावी. भोवऱ्यापासून टापेपर्यंत घोडी कशी पारखायची, ओझे पाठीला न लागेल असे कसे लादायचे, अडलेल्या शिंगराला कसे चुचकारायचे, ही विद्या कोणत्याही बखरीत लिहिलेली नाही. ती फक्त हातांत आहे, आणि ते हात थकत चालले आहेत.

त्या मुलीला मी वर्गात एवढेच सांगितले, "असतात. दिवाळीनंतर घाटाच्या रस्त्याला नीट पाहत जा." या वर्षी तुमची गाडी त्या बाजूने जाईल, तेव्हा मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून हॉर्न वाजवू नका. कळपाच्या मागून थोड्या वेळाने बायका येतील, त्यांच्या हाती दोर असेल आणि दोराला संसार लादलेली चारसहा लहानखुरी जनावरे असतील. मुलांना खाली उतरवा आणि त्यांची ओळख करून द्या.